बाबांच्या नावाने लावलेला कौल

कुत्रा म्हातारा झाला की आजूबाजूची माणसं एकदम ज्ञानी होतात. आमचा झाला तेव्हा हे ज्ञान मला लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, ऑफिसातल्या चहाच्या मशीनसमोर, सगळीकडे फुकट मिळालं. त्यातलं सगळ्यांचं लाडकं वाक्य होतं, "वेळ आली की तो स्वतःच सांगेल बघ." हे म्हणताना माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि डोळे बारीक करायची. मी मान हलवायचे.

आमच्या कुत्र्याने आयुष्यभर जे काही सांगितलं होतं ते विमानांना. मरोळला आमच्या इमारतीवरून विमानं इतक्या खालून जातात की टीव्हीवरच्या बातम्या अर्ध्याच ऐकू येतात. प्रत्येक विमानावर तो खिडकीशी उभा राहून भुंकायचा, आणि विमान दिसेनासं झालं की आपणच त्याला हाकललं अशा थाटात शेपटी वर करून आत यायचा. कानांनी दगा दिला तेव्हा ही ड्युटी सुटली. विमानं आपली बिनधास्त येत-जात राहिली. असा हा कुत्रा एक दिवस माझ्यापुढे बसून "आता पुरे" म्हणून सांगणार आहे, यावर अर्ध्या मरोळचा विश्वास होता.

त्याला घरात दादाने आणला. दादा तेव्हा कॉलेजात होता आणि कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गेटबाहेर हे तांबूस पिल्लू त्याला सापडलं. "मी सगळं करीन," असं त्याने आईला शपथेवर सांगितलं. सगळं म्हणजे त्याने दोन फोटो काढले. मग यथावकाश त्याला नोकरी लागली, लग्न झालं, तो कांदिवलीला राहायला गेला, आणि वहिनीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी निघाली. दादा दर रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल करून कुत्र्यासाठी शीळ घालायचा. बहिऱ्या आणि मोतीबिंदू झालेल्या कुत्र्यासाठी. फोन त्याच्या तोंडासमोर धरायचं काम माझं.

बाकी सगळं बाबांनी केलं. बाबांची गिरणी बंद पडली, मग मरोळच्याच एका कंपनीत पॅकिंगला लागले, तिथून निवृत्त झाले आणि त्यानंतर कुत्र्याकडे फुलटाइम रुजू झाले. सकाळ-संध्याकाळ दोघं एकाच चालीने खाली उतरायचे. कोण कोणाला फिरवतंय हे शेवटच्या वर्षात सांगता आलं नसतं.

आणि आई. आईने त्याला कधी हात लावला नाही. स्वयंपाकघराचा उंबरा ही त्याची हद्द, हे तिने त्याला पहिल्याच आठवड्यात लाटण्याने समजावलं होतं आणि ते त्याला चौदा वर्षं पुरलं. आम्ही बाकीच्यांनी त्याला चार वेगवेगळी नावं ठेवली. आई त्याला फक्त 'मेल्या' म्हणायची, आणि तो ओ द्यायचा तो फक्त त्याच नावाला. बांगडे तळताना ती डोकं नि शेपटी उंबऱ्याबाहेर भिरकवायची आणि आमच्याकडे बघून म्हणायची, "माझा काय नाय, वास मारता म्हणान टाकलंय."

तर हा कुत्रा मागच्या पायांनी अधू झाला. मग मूत्रपिंड गेलं. अंधेरीच्या डॉक्टर बाईंनी, वयाने माझ्याहून लहान असतील, दोनदा सलाईन लावलं, तिसऱ्यांदा आई, बाबा आणि मला खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या, "याच्यापुढे मी करतेय ते त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. मी घरी येऊन इंजेक्शन देऊ शकते. त्याला काही कळणार नाही. पण 'हो' तुम्ही म्हणायचं." मग आम्ही तिघांनीही भिंतीवरचा जंतांचा तक्ता फार मन लावून वाचला.

त्यानंतर आमच्या घरात 'हो' हा शब्दच कोणी उच्चारेना. दादा म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे." कांदिवलीहून मान्य करायला काय जातंय? आई म्हणाली, "माका इचारू नको, मी नाय हाडलंय तेका." आणला दादाने होता, हे खरंच. बाबा म्हणाले, "बघूया." बाबा गिरणी बंद पडली तेव्हाही "बघूया"च म्हणाले होते. आणि मी, जी ऑफिसात दहा माणसांना डेडलाइनवरून झापते, मी म्हणाले की श्रावणात नको. श्रावण संपला तेव्हा गणपती तोंडावर आले. घरात बाप्पा यायचा आणि आपण हे काय करणार? गणपती गेले, पितृपक्ष लागला. पितृपक्षात कुत्र्याला मारणं म्हणजे तर कहरच, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. एरवी याच काकू जिन्यात त्याचा केस दिसला तरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायच्या. थोडक्यात, हिंदू पंचांगात आमच्यासारख्या भित्र्यांची सोय उत्तम आहे.

तोवर कुत्रा जुन्या चादरीवर पडून होता. बाबा एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने चादर धरून त्याला खाली न्यायचो. खाली तो थरथरत उभा राहायचा, पडायचा, आणि पडल्यावर आमच्याकडे असा बघायचा की ढकललं आपणच असं वाटावं. वर आणलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन बाहेर येऊन म्हणायचे, "आज जरा बरा वाटतोय ना?" बाबा म्हणायचे, "हो ना, जरा बराच वाटतोय."

मग एका सकाळी बाबा गॅलरीत जाऊन दार ओढून घेऊन फोनवर बोलले. आमची गॅलरी म्हणजे वॉशिंग मशीन आणि एक माणूस, एवढीच. बाहेर आले तेव्हा चेहरा कसनुसा झाला होता. मी विचारलं तर म्हणाले, "गावाला लावला होता. गुरवाला." एवढंच बोलून ते चादर धुवायला गेले.

आमच्या गावाकडे मोठा निर्णय माणसं घेत नाहीत. ती जोखीम देवावर टाकलेली बरी. देवळात गुरव देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण मोठ्याने सांगतो, आणि मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. लग्न, घर, जमिनीचा तंटा, म्हैस विकावी की ठेवावी, सगळ्याला कौल. गिरणगावात आलेल्या आमच्या आजोबांनीही खोली घेताना पत्र पाठवून कौल मागवला होता. आता फोनवर काम होतं. आम्हा चौघांपैकी कोणीच 'हो' म्हणत नाही म्हटल्यावर बाबांनी तो देवाकडून मागवला, यात मला नवल वाटलं नाही. उलट आतून बरंच वाटलं. देव म्हणाला तर देव म्हणाला.

नवल दुसऱ्या दिवशी वाटलं. रविवार होता. बेल वाजली. बाबांनीच दार उघडलं, अंगात बनियन, हातात कुत्र्याची ओली चादर. दारात सांताक्रूझचे चुलत काका आणि काकू. काकांच्या दोन्ही हातांत शहाळी, काकूंच्या पिशवीत मोसंबी, आणि काकू जिना चढतानाच रडायला लागलेल्या. काका बाबांकडे बघतच राहिले.

"भाऊ," ते म्हणाले, "तू उभो आसस?"

"मगे काय झोपान दार उघडू?" बाबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

काकूंना रडणं आवरायला वेळ लागला, कारण सांताक्रूझपासून रिक्षात त्यांनी पूर्ण तयारी केली होती आणि ती अशी एकदम वाया घालवणं बरं दिसलं नसतं. पाणी पिऊन झाल्यावर हळूहळू उलगडलं ते असं. गुरवाने फोनवर विचारलं, कौल कोणाच्या नावाने लावायचा? बाबांची जीभ अडली. कुत्र्यासाठी देवाला कसं विचारायचं? गुरव हसेल. गावभर करेल. मुंबईवाल्यांचं डोकं फिरलं म्हणतील. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगून टाकलं, "माझ्याच नावान लाव. म्हाताऱ्याची सुटका होऊची आसा काय, इचार देवाक." गुरवाने भक्तिभावाने कळ्या लावल्या. देवाने क्षणाचाही विलंब न लावता उजवी टाकली.

म्हणजे बाबांनी जावं, असा देवाचा स्पष्ट होकार आला होता. गुरवाने ही बातमी गावात सोडली आणि गावाने ती संध्याकाळपर्यंत सांताक्रूझला पोचवली. आमच्या गावात एसटी वेळेवर येत नाही, पण हे असलं कधी उशिरा पोचत नाही.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात झारा होता. मला वाटलं आता बाबांचा कौल जागेवरच खरा होतोय.

"माझ्या कुकवाचो कौल लावल्यात," ती म्हणाली, "आणि माका साधा इचारूक पण नाय?"

"कुत्र्याचा नाव कसा सांगतलंय गो देवाक?"

"म्हणान सोताचा सांगितल्यात? आणि तो पण उजवो दिता! देवाक पण घाई झाली काय?"

काकांनी शहाळी फोडली. ती आम्हीच प्यायलो. जाताना काकूंनी बाबांच्या पायाला हात लावून नमस्कार केला, जरा जास्तच वेळ, आणि "सांभाळा हां भाऊजी" असं म्हणाल्या. न जाणो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. दादाला फोनवर सांगताना मी हसून हसून वाकलेही होते. पण बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते छातीवर हात ठेवून बसायला लागले. बीपीचं मशीन कपाटातून बाहेर आलं. आणि मी हळूच इंजेक्शनचा विषय काढला तेव्हा ते ठामपणे म्हणाले, "नाही. आता नाही."

"का? देवाने हो म्हटलं ना?"

"माझ्या नावाने म्हटलंय ते."

त्यांचं गणित मला नंतर कळलं. देवाने एका म्हाताऱ्याची सुटका मंजूर केली आहे. नावावर बाबा आहेत. ती मंजुरी कोणासाठी वापरायची हे अजून ठरलेलं नाही, आणि कुत्र्याला आपण हाताने पाठवलं तर देव म्हणेल, हा कोण, माझ्या यादीत तर दुसराच आहे. तेव्हा कुत्रा जितके दिवस जगेल तितके दिवस विषय लांबणीवर. या तर्कात खोट काढायला मी तासभर झटले. देवाला इतकं कळतं तर तुम्ही कोणासाठी विचारलं तेही कळलं असेल ना, असंही म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, "खोटं बोललो ना मी त्याच्यासमोर. त्याला राग आला असेल तर?"

तर आता कुत्रा घरातला सगळ्यात महत्त्वाचा प्राणी झाला. बाबा त्याला पिचकारीने भाताची पेज पाजायचे, ती तो ओकायचा, ते परत पाजायचे. त्याची हाडं वर आली होती. कुशीवर जखम झाली होती. एरवी त्याच्या जेवणाआधी घास न घेणारा माझा बाप स्वतःच्या भीतीपायी त्याला रोज मरू देत नव्हता, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या रागाखाली दुसरंही काहीतरी होतं. बाबा पंचाहत्तरीचे आहेत आणि देवाने उजवा दिलाय, हे मला हसून सांगता येत होतं, पण बाथरूमच्या दाराला ते आतून कडी लावतात तेव्हा मीही बाहेर कान देऊन उभी राहायला लागले होते. ऑफिसात माझी पुरोगामी म्हणून ख्याती आहे.

शेवट दुपारी झाला. म्हणजे कुत्र्याचा नव्हे, आमच्या नाटकाचा. मी घरून काम करत होते. कुत्रा ओरडायला लागला. भुंकणं नव्हे, एकच लांब आवाज, थांबून परत तोच. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. चादर ओली झाली होती आणि तो त्यातून पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत होता. चौदा वर्षांत घरात एकदाही घाण न केलेला कुत्रा त्या ओल्या जागेपासून लांब जायला बघत होता आणि ती जागा त्याच्यासोबतच सरकत होती. ओढत ओढत तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. हद्द संपली. तिथे त्याने मान टाकली आणि परत ओरडला.

बाबा पिचकारी घेऊन उभे होते.

आईने गॅस बंद केला. ती आली, गुडघे धरत कशीबशी खाली बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याचं डोकं हातात घेतलं. उंबऱ्यावरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं, म्हणजे आत. अंगावरच्या पदराने तिने त्याचं तोंड पुसलं. ओरडणं थांबलं. ती त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती. मला एवढंच ऐकू आलं की ती त्याला 'बाळा' म्हणत होती. मेल्या म्हणत नव्हती.

मग तिने बाबांकडे वर बघितलं. "खरा सांगा आता देवाक," ती म्हणाली.

बाबांनी मुकाट्याने खिशातून मोबाइल काढला, गुरवाचा नंबर शोधायला लागले.

"फोन कित्याक?" आई म्हणाली. "देव काय फोनात रवता?"

मी डॉक्टर बाईंना बोलावलं. दादाला फोन केला. तो कांदिवलीहून कसा आला माहीत नाही, पण डॉक्टरांच्या आधी पोचला, वहिनीसकट. वहिनीने येताना मास्क लावला होता आणि आल्यावर काढून पर्समध्ये टाकला. मी तिच्याबद्दल आधी जे लिहिलंय ते खोडत नाही, पण हेही लिहिते.

कुत्रा आईच्या मांडीवरच होता. डॉक्टरांनी त्याच्या पायाला पट्टी बांधली, सुई लावून ठेवली, आणि आमच्याकडे बघून विचारलं, "सगळ्यांचं 'हो' आहे ना?"

एक विमान गेलं. दादा जमिनीकडे बघत होता.

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गाव त्या बाजूला आहे की नाही देव जाणे. तिकडे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यांनी हात जोडले. गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत अशी की एकाने बोलायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नुसतं ऐकत उभं राहता येत नाही.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा," बाबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा," आई खालून म्हणाली.

"तुझ्या म्होरं मी खोटा बोल्लंय. कौल ह्या कुत्र्यासाठी होतो, नाव माझा लायलंय. लाज वाटली माका. ती चूक पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आईच्या मागोमाग वहिनीही म्हणाली. ती घाटावरची, तिला यातलं काही ठाऊक नाही.

"ह्येना चवदा वर्सा माझा घर राखल्यान. कधी कोणाक चावलो नाय..."

"कुरियरवाल्याक चावलो," आई म्हणाली.

बाबा थांबले. देवाशी परत खोटं नको. "एका कुरियरवाल्याक चावलो, ता सोडून कोणाक चावलो नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दादा म्हणाला आणि तिथेच फुटला. तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला.

"आता तेका उठाक जमना नाय. घोटभर पाणी गिळना नाय. मी माझ्या भियान तेका अडकवन ठेवलंय. तू जो उजवो दिलंस, तो ह्येचो होतो. ह्येका दी. तेची सुटका कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आईचा आवाज आला, वहिनीचा आला, भिंतीकडून दादाचा आला.

बाबा हात जोडून तसेच उभे होते. वळले नाहीत. डॉक्टर बाई सुईला हात लावून थांबल्या होत्या. त्यांना आमची बोली कळली नसावी, पण एक आवाज कमी पडतोय हे कळलं असावं. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

कुत्र्याचे डोळे उघडे होते. मी खाली बसले, त्याच्या न ऐकणाऱ्या कानाजवळ तोंड नेलं, आणि म्हटलं.